टिपेवरची वजावट

आमच्या घरात वजावट हा शब्द शिवीसारखा होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, तुळजापूरच्या एका लॉजवर उभा जन्म राबले. भाविकांच्या बॅगा वर न्यायच्या, गरम पाण्याच्या बादल्या पोचवायच्या, चादरी बदलायच्या. कुणी खूश होऊन हातावर काही ठेवलं तर तेही मालकाच्या गल्ल्यात जायचं. नवरात्रात जळकोटला घरी यायलाही सवड मिळायची नाही आणि त्या जादा कामाचं नाव कुणी काढायचं नाही. उलट महिन्याअखेर मालक सुनावणार, पेला फुटला, टॉवेल हरवला, वजावट. आप्पा घरी येऊन हसत म्हणायचे, "झाली वजावट." मग आम्ही भावंडं काही मागायचं सोडून द्यायचो.

धाकटा भाऊ शिकला. धाराशिवला एका कर सल्लागाराच्या हाताखाली त्यानं थोडे दिवस काढले, मग लग्न झालं आणि बायकोच्या माहेरच्यांनी त्याला अमेरिकेत नेलं. तिथं तो हॉटेलात वाढपी आहे. आमची अव्वा, म्हणजे आई, गावात सांगायची, पोरगा हॉटेल लाईनला मोठ्या जागेवर आहे. मला त्याचा राग यायचा. वाढपी तर वाढपी, चोरी तर करत नाही.

गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. इतक्या खुशीत मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "आप्पा, टिपेवर अन् ओव्हरटाईमवर सरकारनं नवी वजावट आणलीय. आता बघा तुम्ही," म्हणाला. तेवढ्यात त्याला आतून हाक आली आणि फोन बंद झाला.

आप्पा मान खाली घालून बसले. अव्वा म्हणाली, मग पोरगं एवढं हसत का बोललं?

"म्या बी हसतच सांगायचो की तुला," आप्पा म्हणाले.

अव्वाला ते पटलं. मलाही आप्पांचंच पटलं. वजावट म्हणजे कापलेला पगार, हे आमच्या घरात कुणाला वेगळं शिकवावं लागत नव्हतं. मी त्या देशाला चार शिव्या हासडल्या आणि लोहाऱ्याला सासरी निघून आले.

संक्रांतीनंतर आप्पांच्या छातीत दुखायला लागलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, जपा. आप्पांनी मला आणि अव्वाला शपथ घातली, पोराला कळवायचं नाही. त्याच्या कष्टात आधीच कापाकापी, त्यात विमानाचं तिकीट म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आणि नेमकं त्याच आठवड्यात भावानं आपणहून फोनवर विचारलं, रजा मिळतेय, येऊन जाऊ का? मी आप्पांच्या शेजारीच बसले होते. त्यांचा चेहरा किती आसुसला होता ते मी पाहिलं.

"नको येऊ," आप्पा म्हणाले. "हितं काय काम हाय तुझं?"

पलीकडून तो नुसता "बरं" म्हणाला.

शिमग्याच्या सुमाराला आप्पा गेले. मी फोन लावत राहिले, तो उचलेना. खांदा द्यायला, मातीला एकुलता एक मुलगा नव्हता. बापापेक्षा ह्याला हॉटेल मोठं झालं, असं मी चार बायकांत मोठ्यानं बोलले.

माती झाल्यावर तो आला, तेव्हा मी त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नाही. शेवटी तोच ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसला.

"अक्का, आप्पांनी मला येऊ नको का म्हणलं? माझा राग होता का त्यांना?"

मी फणकाऱ्यानं म्हटलं, तुझ्या पगारात वजावट चालली होती म्हणून.

मग हळूहळू त्यानं सांगितलं. ही वजावट पगारातली नव्हे. टिपेचे आणि जादा कामाचे काही पैसे कर लावताना उत्पन्नातून वगळतात, म्हणजे कर कमी बसतो आणि हातात जास्त उरतं. सल्लागाराकडे ह्याला वजावटच म्हणत, म्हणून तोच शब्द तोंडात आला. त्याच पैशावर तो आप्पांना भेटायला येणार होता. आप्पांनी नको म्हटल्यावर त्यानं रजा रद्द केली आणि जादाच्या शिफ्ट घेतल्या. माझे फोन येत होते तेव्हा तो दोन्ही हातांत प्लेटा घेऊन गिऱ्हाइकांपुढं उभा होता.

माझा राग कुठल्या कुठं गेला. मला नुसतं त्याच्या गळ्यात पडून रडायचं होतं.

तेवढ्यात अव्वा दारात आली. तिनं आमचं बोलणं ऐकलं नव्हतं. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "आता तरी खरं सांग. लई कापायलेत का रे तुझा पगार? त्यांनी तुझी लई वाट बघितली. पर तेवढ्यासाठी बोलावलं न्हाय."

भावानं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर आप्पांचं ते नको म्हणणं फुकट गेलं असतं, आणि ते अव्वाला उरलेला जन्म सोसावं लागलं असतं. मी त्याला मानेनंच खुणावलं, सांगू नको.

"व्हय अव्वा," तो म्हणाला. "लई कापत होते."