लपायची पाळी बाळूची

घरातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. जुन्या डब्यात बटणं साठतात तसे ते आपोआप साठतात! आम्ही भावंडं एकत्र आलो की कुणीतरी एक काढतं, लगेच दुसरं म्हणतं, "अगं, तसं नव्हतंच ते!" आणि समोरचा चहा निवून जातो. आमच्या डब्यातले निम्मे किस्से भोरच्या एकाच वर्षातले आहेत. संस्थानाचा काळ, वडील कचेरीत कारकून. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो.

त्या वर्षी सात वर्षांचा बाळू उत्रोलीला नागपंचमीच्या झोक्यावरून पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. उत्रोलीच्याच हाडवैद्यांनी, तात्यांनी, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, "दोन म्हैनं हालायचं न्हाई." ज्या पोराला जेवायला पाच मिनिटं बसवत नसे, त्याला दोन महिने! माडीवरच्या खोलीत लोखंडी कॉट टाकली आणि अण्णांनी ऑर्डर काढली, "आजपासून सगळे खेळ कॉटभोवती. कुणालाही वगळायचं नाही. प्रत्येकाची पाळी आलीच पाहिजे!"

आक्का तेराची, मी दहाची, बाळू सातचा आणि चिमी तीनची. चौघांना जमेल असा एक खेळ शोधून दाखवा बघू!

* * *

सुरुवात पटानं झाली. बाळूच्या पोटावर पाट, पाटावर खडूनं घरं आखलेली, आणि दान टाकायला चार फोडलेले चिंचोके. एकदा मी दान टाकलं आणि बघते तर चिंचोके तीनच!

"चिमे, चिंचोका कुठाय?" आक्कानं विचारलं. चिमीनं नाकाकडं बोट दाखवलं.

आई घाबरली. आक्का रडायला लागली. अण्णांनी मात्र खाली घरमालक आबांकडे धाव घेतली आणि त्यांची तपकिरीची डबी आणली. चिमटीभर तपकीर नाकाशी धरली मात्र, चिमीनं अशी शिंक दिली की चिंचोका सुटला तो थेट पाटावर! पांढरी बाजू वर. माझे तीन आधीच पांढरे पडले होते.

"चार! मला चार पडले!" मी उडी मारली.

"चौथा तू कुठं टाकलास?" बाळू पडल्यापडल्या ओरडला.

प्रकरण अण्णांकडे गेलं. त्यांनी कचेरीतल्यासारखा गंभीर चेहरा केला आणि निकाल दिला, "ज्याची शिंक, त्याचं दान."

त्या दिवशी चिमी जिंकली. आपण खेळतोय हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. आईनं मात्र तो चिंचोका चुलीत टाकला.

* * *

बाळूचा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे कचेरी. त्यात साहेब कायम तोच, कारण साहेबाला उठावं लागत नाही! आक्का शिरस्तेदार, मी पट्टेवाला, चिमी शिक्का. म्हणजे तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवायचा. आणि अर्जदार कोण? तर आमचे अण्णा! ते डोक्यावर मुंडासं बांधून, हात जोडून कॉटपुढं उभे राहायचे.

"साहेब, नकलेचा अर्ज दिला होता."

"उद्या या!" बाळू सांगायचा.

"साहेब, लांबून आलोय."

"मग परवा या!"

असंच चाललं असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली. वेल्ह्याकडची सरूबाई. तिला जमिनीच्या कागदाची नक्कल हवी होती. डोंगरातनं चालत ती तीनदा कचेरीत आली होती आणि तिन्ही वेळा अण्णांनीच तिला "उद्या या" म्हणून लावून दिलं होतं. शेवटी विचारत विचारत ती घरीच आली. आत बघते तर हेच अण्णा एका पोरापुढं हात जोडून उभे!

सरूबाईनं कनवाळूपणानं विचारलं, "भाऊसाहेब, तुमालाबी उद्याच बोलिवलंय व्हय?"

अण्णांनी मुंडासं सोडलं, अंगात कोट चढवला आणि तिला घेऊन तडक कचेरी गाठली. तिन्हीसांजेच्या आत नक्कल तिच्या हातात होती.

* * *

आई खेळात कधी यायची नाही. तिला कुठली सवड! पण पाळी कुणाचीच चुकत नाही म्हटल्यावर एकदा आंधळी कोशिंबीर खेळताना तिच्याही डोळ्यांवर पंचा बांधला. बाळू कॉटवरून "डावीकडं! उजवीकडं!" असं खोटंनाटं सांगत होता. तेवढ्यात कामट्या सोडायला उत्रोलीचे तात्या आले. आम्ही तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प राहायची खूण केली. बिचारे जागच्या जागी उभे राहिले.

आईनं नेमकं त्यांचंच पागोटं धरलं. चाचपून बघितलं आणि म्हणाली, "ओळखलं! आक्का, माझी गोधडी गुंडाळलीस ना डोक्याला?"

तात्या हूं की चूं करेनात. आईनं पंचा वर केला आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. तेव्हा कुठं तात्यांनी तोंड उघडलं, "वैनी, आता राज्य माज्यावर आलं व्हय?"

हसता हसता कामट्या सुटल्या. हाड छान जुळलं होतं. पण बाळू काही केल्या पाय जमिनीला लावेना! उभं करायला गेलं की किंचाळायचा, कॉटची दांडी घट्ट धरून ठेवायचा. तात्यांचंही हसू गेलं. जाताना अण्णांना हळूच म्हणाले, "हाड म्या सांदलं. पन भ्या काडायचं औशद माज्याकडं न्हाई." त्या दिवशी संध्याकाळी पट कुणी मांडला नाही.

* * *

दिवाळी आली तरी बाळू कॉटवरच. मग किल्लाही माडीवरच, कॉटला लागून! नीरेकाठची माती बादल्यांनी वर आणली आणि तोरणा उभा केला. चिमीच्या वयाला झेपेल असं एकच काम होतं, पेरलेल्या आळिवाला पाणी घालणं. तिनं ते मन लावून केलं. तांब्यावर तांब्या!

थोड्या वेळानं आबा हातात ताट घेऊन बारा पायऱ्या चढून वर आले. रागानं थरथरत होते. "अहो, हे बघा! तोरण्याचं पाणी माझ्या ताकभातात!"

आता घर सोडावं लागणार असं आम्हाला वाटलं. पण आबांचं लक्ष किल्ल्याकडं गेलं. आबा मूळचे वेल्ह्याचे. त्यांनी ताट कॉटवर बाळूच्या पायाशी ठेवलं, धोतर खोचलं आणि कडाडले, "उगवतीची झुंजार माची मावळतीला? लाज वाटत नाही? माती आणा अजून!"

दुपारभर ते चिखलात बसले होते. खालून त्यांच्या बायकोच्या हाका चालूच होत्या.

* * *

आणि हा लपंडावाचा.

पाळी प्रत्येकाची, म्हणजे लपायची पाळी बाळूचीही. तो लपणार कुठं? डोक्यावरून गोधडी ओढून घ्यायचा. आम्ही सगळे, आई-अण्णासुद्धा, भिंतीकडं तोंड करून पन्नास मोजायचो. मग शोधायचं सोंग! अण्णा दारामागं बघायचे, आई पिठाच्या डब्यात बघायची. "कुठं गेला बाई आमचा बाळू?" गोधडी हसून हसून हलायची. शेवटी चिमीला राहवायचं नाही, ती गोधडी ओढायची. महिनाभर रोज हेच. आईला सोंग करताना मधेच रडू यायचं, मग ती जास्तच वेळ डब्यात डोकं घालून बसायची.

एका रविवारी दुपारी असेच पन्नास मोजून आम्ही वळलो. अण्णांनी दारामागं बघितलं. आईनं डबा उघडला. "कुठं गेला बाई आमचा बाळू?"

गोधडी हलेना. चिमीनं जाऊन ती ओढली आणि दोन्ही हात पसरून म्हणाली, "नाई!"

कॉट रिकामी होती.

आक्का जिन्याकडं धावली. आईनं तिचा हात गच्च धरला. "शोधायचं नाही! लपू दे त्याला अजून!"

अण्णांनी पुन्हा भिंतीकडं तोंड केलं आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. "एक... दोन..."

तेवढ्यात खालून, कुणी काहीही विचारलेलं नसताना, आबा घरमालक ओरडले, "बाळू इकडं आलेला नाही हो! मी त्याला पाहिलेलंसुद्धा नाही!"