मामींचे फोटो आणि मामांचं नाव

नागपूरहून उज्जैनला जायचं तर तेव्हा इटारसी आणि भोपाळ असे दोन टप्पे करावे लागत. भोपाळला गाडी बदलायची, आणि खिडकीची जागा हवी असेल तर आधी सामान आत टाकायचं, मग स्वतः चढायचं. ही १९५६ ची गोष्ट आहे. मी एकवीस वर्षांचा होतो, आता नव्वदी ओलांडली आहे. त्यामुळे तेव्हाची भाडी सांगून उपयोग नाही, पण भोपाळच्या पुढे सकाळच्या उन्हात दिसणारी माळव्याची काळी शेतं अजून तशीच असतील. ती चुकवू नका.

जायचं कारण मामांचं पोस्टकार्ड. एक नोव्हेंबरला नवा मध्य प्रदेश होणार होता. आमचं नागपूर जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात जाणार आणि राजधानीचा मान गमावणार, म्हणून आमच्या घरात सुतक; उज्जैनला मात्र उत्सव. तिथल्या फ्रीगंज भागातल्या एका शाळेत प्रदर्शन भरणार होतं आणि मामांनी लिहिलं होतं, ‘त्यात आपले बारा फोटो लागलेत. येऊन जा.’ मामा शाळेत मास्तर, सगळं गाव त्यांना मास्टरसाहेब म्हणे. मला फोटोग्राफीचं वेड होतं, कॅमेरा नव्हता. मी निघालोच.

स्टेशनवरून टांग्याने घरी गेलो. मामींनी पोहे आणि गरम जलेबी पुढे ठेवली. उज्जैनला सकाळी हेच खा, दुसरं शोधू नका. खाता खाता मी मामांना विचारलं, “कॅमेरा दाखवता?”

“तिच्यापाशी असेल,” मामा म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

मामींनी कोठीच्या खोलीतून पेटीसारखा काळा कॅमेरा आणला. संस्थान विलीन झालं तेव्हा एका सरदारांच्या घरचं सामान विकायला निघालं होतं, त्यात त्यांनी तो भाऊबिजेच्या पैशांतून घेतला होता. शिकवायला कुणीच नव्हतं. फिल्म धुवायच्या औषधांच्या पुड्यांबरोबर आलेला इंग्रजी कागद मामांच्या शब्दकोशातून लावून लावून वाचला. दुपारी सगळे झोपले की कोठीचं दार लावायचं, कंदिलाला लाल कापड गुंडाळायचं आणि फिल्म धुवायची.

“पहले दोन रोल पूरे काळे निघाले,” मामी म्हणाल्या. “मग समजलं, दाराच्या फटीतून उजेड येत होता.”

त्यांनी फोटो पसरले. देवळं नव्हती, देवाच्या सवारीची मिरवणूक नव्हती. हार गुंफणाऱ्या माळणीची भिजून पांढरी पडलेली बोटं. हौदावर पाणी पिणारा टांग्याचा घोडा आणि त्याच्या मानेवर डोकं टेकून पेंगणारा मालक. गच्चीवर पापड वाळत टाकताना शेजारणीची उन्हात लांबलेली सावली. हे सगळं मी रोज नागपुरातही पाहत होतो, पण कधी बघितलं नव्हतं.

“सगळे तुम्ही काढलेत?”

“मग कोण काढणार? ह्यांना तर रोल भरता येत नाही.”

दुपारी आम्ही तिघे प्रदर्शनाला गेलो. भिंतीवर बारा फोटो आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी: छायाचित्रकार, मास्टरसाहेब. पुढे मामांचं पूर्ण नाव. समितीच्या लोकांनी मामांना हार घातला. मामांनी तो घेतला. मामी बायकांच्या घोळक्यात मागे उभ्या होत्या. माझी कानशिलं तापली, पण मामांसमोर बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. ती रीत मी पाळली, हे लिहायला आजही लाज वाटते.

मग एक गृहस्थ पुढे आले. क्षिप्रेच्या घाटावर त्यांची पूजाअर्चा चाले. एका फोटोसमोर ते थबकले. त्यात आंघोळ करून आलेल्या दोघी ओलं लुगडं दोन टोकांना धरून वाळवत होत्या, वाऱ्याने ते शिडासारखं फुगलं होतं आणि दोघी खळखळून हसत होत्या.

“मास्टरसाहब, ये हमारे घर की औरतें हैं,” ते म्हणाले. “औरतों के घाट पर आप क्या कर रहे थे?”

मामांचा चेहरा उतरला.

“मैंने नहीं,” ते घाईघाईने म्हणाले. “हमारी श्रीमतीजी ने खींचा है। सब उन्हीं के हैं।”

समितीचा कारकून दौत-टाक घेऊन आला. “तो चिट्ठी पर क्या लिखें? श्रीमतीजी का नाम?”

बायकोचं नाव मामा कसं घेणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, आणि मला कळलं की मला ते माहीतच नाही. आयुष्यभर मामी, मामी म्हणत आलो होतो.

मामी पुढे आल्या. “वत्सला. लिखिए।” मग त्या गृहस्थांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, “घर जाकर भाभीजी से पूछ लीजिए। इसकी एक कॉपी उन्होंने खुद माँगकर ली है।”

ते निघून गेले. तरी समितीने ‘झंझट नको’ म्हणून तो फोटो उतरवलाच. बारांतला सगळ्यात सुंदर फोटो. उरलेल्या अकरांखाली नव्या चिठ्ठ्या लागल्या.

घरी आल्यावर मामा म्हणाले, “वेळेवर खरं बोललो की नाही?”

मामी कपबशा भरत होत्या. “आळ आला तेव्हा फोटो माझे झाले,” त्या म्हणाल्या. “हार घातला तेव्हा कुणाचे होते?”

मामांनी चहा घेतला नाही. मामींनी घेतला.

नागपूरला परतल्यावर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “दादाने घराचं नाव राखलं, त्यात काय बिघडलं?” मी जेवणावरून उठलो. तेवढंच बंड मला जमलं.

मामी पुढेही फोटो काढत राहिल्या. उतरवलेला तो फोटो त्यांनी माझ्या लग्नात मला दिला, मागे सही करून. तो माझ्या खोलीत आहे. येणारे विचारतात, कुणी काढला? मी नाव सांगतो. मामांवरचा राग त्यांच्याबरोबरच विझला. नाव विचारल्यावर गप्प उभ्या राहिलेल्या त्या एकवीस वर्षांच्या पोरावरचा मात्र अजून तसाच आहे.