गुरप्पावर आलेला बॅटरीचा आळ

गुरप्पा आठवड्यातून तीन दिवस आमची गाडी चालवतो. बाकीचे दिवस त्याने कॉलनीतल्या दोन घरांना दिले आहेत. मूळचा अक्कलकोटकडचा, घरी कानडी, आमच्याशी मराठी. वय साठीच्या आसपास, बोलणं मोजकं. टायर अंगठ्याने दाबून हवा किती ते सांगतो आणि ते बरोबर निघतं. माझे यजमान गेले तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, तो येतो आहे.

या माणसावर मी जूनमध्ये संशय घेतला.

बॅटरी मार्चमध्येच नवी घातली होती. आठ जूनला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहेर आले तर गाडी सुरू होईना. बारा तारखेला पुन्हा तेच. दोन्ही वेळा बॅटरी चार्ज करून आणावी लागली. शेजारच्या चेतना कुंपणापलीकडून म्हणाल्या, "काकू, नवी बॅटरी तीन महिन्यांत बसते होय? काढून जुनी घातली असेल. असे ड्रायव्हर पुष्कळ पाहिलेत." गुरप्पा मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्याकडेच जायचा.

मी बॉनेट उघडायला लावलं आणि बॅटरीवरचा नंबर डायरीतल्या मार्चच्या नोंदीशी ताडून पाहिला.

"जुळला का, बाई?" गुरप्पाने विचारलं.

"जुळला."

"बरं झालं की." त्याने बॉनेट लावलं.

बॅटरी तीच, डायरीत मी लिहून ठेवते ते किलोमीटरचे आकडेही बरोबर. मग मला वाटलं, मी दवाखान्यात, दुकानात आत असते तेव्हा हा गाडीत बसून रेडिओ आणि पंखा लावत असणार. पुण्याहून माझ्या मुलीने, पद्मजाने, एक छोटं मीटर पाठवलं. गाडीतल्या लायटरच्या खाचेत बसवलं की बॅटरीचे व्होल्ट दाखवतं. ती म्हणाली, "आई, इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास दिसायला हवेत. कमी दिसले तर समज, कुणीतरी वापरतंय."

मी निघण्याआधी आणि परत आल्यावर आकडा लिहू लागले. जाताना १२.४, येताना ११.९, की बॅटरी पुन्हा चार्ज करून आणायची. आमच्याकडे उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचं नाही, पेट्रोल जळतं, हा यजमानांनी घातलेला नियम. त्यामुळे फाटकाशी येताच गुरप्पा इंजिन बंद करायचा. मग मी मागच्या सीटवरून उतरून पुढे येत असे आणि आकडा वाचत असे. इंजिन चालू असतानाचा आकडा मी एकदाही पाहिला नव्हता.

"मी आत असताना रेडिओ लावतोस?"

"न्हाय."

"मोबाईल लावतोस चार्जिंगला?"

"माझ्या मोबाईलला बटणं हायत, बाई. चार दिस चार्जिंग लागत न्हाय."

'उत्तर तयार होतं,' असं मी त्या दिवशी लिहिलं.

पुढच्या सोमवारी तो पायरीशी उभा राहिला. "चेतनाताईंनी उद्यापास्नं येऊ नको म्हणलंय. तिसऱ्या घरचे बी विचारायलेत, बॅटरीचं काय झालं म्हणून. आता तुमी काय म्हणता?"

मी म्हटलं, "होटगीपर्यंत जाऊन येऊ. मी पुढे बसते."

रेडिओ बंद, पंखा बंद, गुरप्पाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. निघताना १२.४. इंजिन सुरू झाल्यावर १२.२. होटगी रस्त्याला १२. त्याने मला विचारून पुढचे दिवे लावले आणि आकडा ११.७ झाला.

"चालू गाडीत आकडा चढायला पायजे. ह्यो उतरायलाय," तो म्हणाला. "डायनामो बॅटरी भरंना झालाय."

अल्टरनेटरला तो डायनामो म्हणतो. इंजिन फिरतं तेव्हा बॅटरी भरायचं काम त्याचं.

"मग आधी सांगितलं का नाहीस?"

तो रस्त्याकडेच बघत होता. "सांगितलं की. मे म्हैन्यात."

घरी येऊन मी मागची पानं चाळली. एकवीस मे. 'गुरप्पा म्हणतो, बॅटरीचा लाल दिवा मधेच लुकलुकतो, डायनामो दाखवू. गॅरेजवाल्याकडून कमिशन मिळत असावं. नको म्हटलं.'

दुसऱ्या दिवशी रज्जाक मिस्त्रींकडे गेलो. मी आधी त्यांनाच बाजूला घेऊन विचारलं, "हा इथे नेहमी येतो का?"

"पहली बार आया, मॅडम. चाय भी नक्को बोला."

इंजिन चालू ठेवून त्यांनी बॅटरीला मीटर लावलं. "इथं चौदा पायजेत. बारा बी न्हायत. आतले कार्बन घासून गेलेत. बॅटरी बिचारी क्या करती?" डायनामोत नवे कार्बन बसल्यावर १४.१ आले.

मी त्याच संध्याकाळी चेतनांकडे गेले. म्हटलं, चूक माझी होती, त्याने काही केलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "असेल हो काकू. पण आम्ही दुसरा ठेवलाय. सावध असलेलं बरं." तिसऱ्या घरी फोन करून हेच सांगितलं, त्यांनी त्याला ठेवलं.

मंगळवार आणि शुक्रवार रिकामे झाले होते. मी गुरप्पाला म्हटलं, ते दोन दिवसही इकडेच ये.

"कुटं जायचं असंल तर येतो. नुसतं बसायला येत न्हाय."

"कुर्डुवाडीला माझी शाळेतली मैत्रीण आहे. मंगळवारी तिच्याकडे जायचंय."

नऊ वर्षांत त्याने मला कधी विचारलं नव्हतं, की कुणाकडे, कशाला. त्या दिवशी त्याने मैत्रिणीचं नाव विचारलं, घर कुठं ते विचारलं. मग म्हणाला, "फोन लावून बघा की एकदा, हाय का घरी."

तो तिथेच उभा राहिला. मी त्याच्यासमोर फोन लावला.