आमच्या दोघींत बरी कोण

कॉलेजच्या पहिल्या वर्षी लातूरच्या मैदानावर आम्हा दोघींची सारखी तुलना व्हायची. मी उदगीरची, अडत दुकानदाराची मुलगी; शाळेपासून बास्केटबॉल खेळत आलेली. ती देवणीजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची. वसतिगृहात तिची खाट माझ्या शेजारी. तिनं हा चेंडू पहिल्यांदा हातात घेतला तो कॉलेजात आल्यावरच; त्याआधी नुसता खो-खो.

त्या हंगामात बास्केट माझ्याच जास्त झाल्या. पण दिवाळीनंतर ती न बघता पास द्यायला लागली. मी कुठं पोचणार हे माझ्याआधी तिला कळायचं. चेंडू अलगद माझ्या हातात यायचा, आणि टाळ्या मला पडायच्या.

एकदा मी आमच्या खेळाच्या सरांना सरळच विचारलं, "सर, आमच्या दोघींत बरी कोण?"

"आज तू," सर म्हणाले. "पण तू जेवढी होणार होतीस तेवढी झालीस. तिची आत्ता कुठं सुरुवात आहे."

पुढं आठवडाभर मी तिला एकही पास दिला नाही. तिच्या ध्यानात आलं असणारच.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. निवडीसाठी तोवर उस्मानाबादला जावं लागे. आता नव्या जिल्ह्याचा मुलींचा पहिला संघ आमच्याच मैदानावर निवडायचा होता. आमच्या कॉलेजातून एकीचीच वर्णी लागेल, असं सर म्हणाले होते. त्यातच वसतिगृहाचं पाणी संपलं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. मुलींना आपापल्या घरी पाठवून दिलं. मी उदगीरला निघाले त्या दिवशीच निवडीची तारीख आली. सरांनी निरोप माझ्याकडं दिला. "देवणी तुला जवळ. तिला म्हणावं लगेच निघून ये. आमच्या घरी राहील, सराव करील."

चार दिवस मी गेले नाही. पाचव्या दिवशी गेले.

ती विहिरीवर होती. तळाशी उतरलेल्या बायका वाटीवाटीनं गढूळ पाणी घागरीत भरत होत्या. भिंतीतल्या दगडांवर पाय ठेवत ती वर आली, काखेत घागर धरून. मी निरोप सांगितला.

ती हसली. "न्हाई सांगितलं असतंस तर तुझाच नंबर होता की."

"म्हणूनच उशिरा आले," मी म्हणाले.

"आलीस न्हवं? बास झालं. मायला दोन दिवसांचं पाणी भरून देते आन् येते."

निवडीच्या दिवशी मी फाटकाकडं बघत राहिले. ती आली नाही. माझं नाव वाचलं तेव्हा मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला.

दोन दिवसांनी कळलं. मी निरोप देऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी विहिरीतला दगड तिच्या पायाखालून निसटला होता. गुडघ्यावर पडली.

नांदेडला विभागीय स्पर्धेत आमचा संघ पहिल्याच सामन्यात तिथल्या मुलींकडून सपाटून हरला. मी हात पसरून धावत राहिले. चेंडू माझ्यापर्यंत येईच ना. परत आल्यावर तिला भेटायला गेले. गावच्या हाडवैद्यानं पायाला बांबूच्या पट्ट्या बांधल्या होत्या. तो गुडघा पुढं कधी सरळ झाला नाही आणि ती कॉलेजात परतली नाही. मी आणखी दोन वर्षं खेळले. जिल्ह्याच्या संघात मला पुन्हा कुणी घेतलं नाही.

मी भेटायला गेले त्या दिवशी मात्र तिला खेळाचंच ऐकायचं होतं.

"नांदेडच्या पोरी कशा हायेत? लई भारी?"

तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "छे, साध्याच होत्या."

ती माझ्याकडं बघत राहिली. "मग हरलात कशा?"

तिनंच विषय बदलला, उदगीरला पाण्याचं कसं काय म्हणून विचारलं.