बेकरीवाल्याच्या डोक्यावरची बिऱ्हाडं

इस्त्रीवाल्या काकूंनी सूड उगवायला घेतला तो भाडेकरू ठेवून.

इमारतीचे वरचे मजले काकूंच्या वडिलांचे, तळमजला बेकरीवाल्याचा. काकूंचा नवरा सीमेपलीकडचा, त्याच बेकरीत पीठ मळायचा. "माणूस इथूनतिथून एकच गं, पावाचा आकार तेवढा बदलतो," असं हसत म्हणायचा. पुढे दोन्ही देशांचं बिनसलं, परक्यांची धरपकड सुरू झाली, आणि बेकरीवाल्याने शिपायांना बोट करून दाखवलं, "तो बघा, तो आपल्यातला नाही." त्याचे हात पिठाने माखलेले असतानाच शिपायांनी त्याला ट्रकमध्ये कोंबलं. पलीकडच्या छावणीत तो तापाने गेला. निरोप आला तेव्हा काकू कुणाचा तरी लग्नाचा कोट इस्त्री करत होत्या. बाही करपली तरी त्यांना कळलं नाही.

पुढे दोन्ही देशांचा समेट झाल्यावर त्यांनी वरच्या खोल्या भाड्याने काढल्या. अट एकच, भाडेकरू परका हवा. जितका लांबचा, तितकं भाडं कमी. नाना देशांची बिऱ्हाडं आली. त्यांची भांडणं, गाणी, पळापळ करणारी पोरं, सगळं बेकरीवाल्याच्या डोक्यावर धाडधाड वाजू लागलं. तो जिन्यात भेटला की काकू गोड आवाजात विचारायच्या, "झोप लागते ना? आणखी एक कुटुंब येतंय हं, तुझ्या बरोब्बर वर!" शेवटी तर त्यांनी मुद्दाम शोधून नवऱ्याच्याच मुलखातला वेल्डर आणला. त्याचा तो हेल कानावर पडला की बेकरीवाल्याचं तोंड उतरायचं, आणि त्या दिवशी काकूंना दोन घास जास्त जायचे.

एका दुपारी भट्टीचं धुराडं पेटलं. सगळी बिऱ्हाडं बादल्या घेऊन धावली. काकूही भरली बादली घेऊन बेकरीच्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. आतून खोकला ऐकू येत होता. जळू दे मेल्याला, त्या मनात म्हणाल्या. तेवढ्यात वेल्डरने त्यांच्या हातातली बादली हिसकावली, स्वतःवर ओतून घेतली आणि तो आत घुसला. बेकरीवाल्याला पाठुंगळीला घेऊनच बाहेर आला, तोवर बाकीच्यांनी आग विझवली होती. निजवलं कुठे, तर काकूंच्या खोलीत, त्यांच्याच इस्त्रीच्या टेबलावर.

"पाणी," बेकरीवाला पुटपुटला.

"आधी बोल. या सगळ्यांसमोर. माझ्या माणसाला कुणी दाखवून दिलं?"

तो छताकडे बघत म्हणाला, "मी. गिऱ्हाइकं त्याच्याच हातचा पाव मागायची. वाटलं, चार दिवस ठेवतील, सोडतील..."

वेल्डरच्या जबड्याची शीर उडताना काकूंना दिसली. आता हा याचा गळा धरणार, त्यांना वाटलं. वेल्डरने मान दुसरीकडे वळवली आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"अरे, तुझ्या मुलखातला होता रे तो!" काकू किंचाळल्या.

"माहीत असतं तरी आत गेलो असतो, काकू. माणूस खोकत होता."

"माणूस आहे म्हणूनच तर माफी नाही! कुत्रं चावलं असतं तर एव्हाना विसरले असते मी."

पाणी पिऊन बेकरीवाला हात जोडू लागला. काकूंनी इस्त्रीचं बटण दाबलं.

"ऊठ टेबलावरून," त्या म्हणाल्या. "लोकांचे कपडे व्हायचेत."

त्यानंतर तो जिवंत होता तोवर काकू त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.