अर्ध्या गुणाची परतफेड

डाव माझा होता. एक हत्ती जास्त, पाच-सहा चालींत मात. समोर आमच्याच पेठेत बुद्धिबळाचा क्लास चालवणारे सर. त्यांचं रेटिंग अठराशेच्या जरा वर, माझं पंधराशे. तेवढ्यात सरांनी पटावरून हात पुढं केला.

"पोरी, ड्रॉ करूया की. तुझं रेटिंग वाढतंय."

आमच्यात वडीलधाऱ्यानं हात पुढं केला की आधी धरायचा, विचार मागनं. मी धरला. डाव संपला!

वाढलं की रेटिंग, सात. मोठ्याशी बरोबरी झाली की लहानाचं वाढतं, मोठ्याचं घटतं. पण सर हरले असते तर त्यांचे सतरा गेले असते आणि क्लासच्या फलकावरचं 'रेटिंग अठराशेच्या वर' पुसावं लागलं असतं. सात देऊन त्यांनी फलक वाचवला. वर क्लासात सांगितलं, "दया आली म्हणून सोडली तिला."

हे कानावर आलं त्या दिवसापासून 'सर' फक्त तोंडावर. मी मोर्चांची पत्रकं वाटणारी बाई आहे. अन्याय विसरायची सवय मला नाही, लावूनही घ्यायची नाही.

दोन वर्षं तो आपल्याच तोलाचे गाठून दहा चालींत हात मिळवत राहिला. तोलातोलाच्या बरोबरीत कुणाचंच रेटिंग हलत नाही. अठराशे चार, जपून ठेवलेलं. मग एका स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत आमची जोडी पुन्हा लागली आणि या खेपेला मीच बुडाले. कोपऱ्यात माझा एकटा राजा. त्याच्याकडं वजीर आणि शेवटाला टेकलेलं, एका पावलात वजीर होणारं प्यादं.

"सोड की आता. का लोकांचा वेळ खातीस?"

"खेळा सर. मला काय घाई न्हाय."

एका चालीत मात होती. पण मागं क्लासची पोरं उभी होती, त्याला दुसरा वजीर मिरवायचा होता. प्यादं सरकवलं, वजीर ठेवला, घड्याळ थाडकन दाबलं.

माझ्या राजाला शह नव्हता आणि हलायला एकही घर नव्हतं. स्टेलमेट, म्हणजे डाव बरोबरीत. अर्धा गुण त्याला, अर्धा मला. मी घड्याळ थांबवून हात पुढं केला.

"धरा की सर. तुमचीच शिकवण हाय."

त्यानं धरला नाही. स्टेलमेटला कुणाची संमती लागत नाही, पंचांनी विचारलंही नाही.

नव्या यादीत तो सतराशे सत्त्याण्णव. फलकावर त्या ओळीपुरता कोरा कागद डकवलाय. हल्ली मी पत्रकं त्याच गल्लीत वाटते, क्लास सुटायच्या वेळेला.