कप हलवायची बाबांची खोड

माझं सगळं लहानपण बाबा मस्कतला होते, एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर म्हणून. दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर यायचे आणि तिकडचं काही विचारलं की म्हणायचे, काय सांगायचं, काम असतं. ते निवृत्त होऊन रत्नागिरीला परतले तेव्हा मी डब्लिनला एमएस करायला निघाले होते. आमची चुकामूक कायमचीच. पुढे २०१६ साली अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली आणि विचारायचं राहूनच गेलं.

तेव्हा मी अरबी शिकायला घेतली. डब्लिनमधल्या माझ्या बॉल्सब्रिजच्या ऑफिसात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. आयर्लंडला येऊन अरबी? दुबईची नोकरी बघतेय, असं मी ठोकून द्यायचे. खरं सांगायची लाज वाटायची. बाबा इतकी वर्षं ज्या भाषेत वावरले ती तरी कळावी, एवढंच होतं.

शिकवणाऱ्या बाई मूळच्या इराकमधल्या बसऱ्याच्या, निवृत्त डॉक्टर, डब्लिनच्या उत्तरेला ड्रोहेडा गावी राहायच्या. दर शनिवारी सकाळी मी ट्रेननं त्यांच्याकडे जायचे. त्या इतक्या आयरिश झाल्या होत्या, की माझा कसलाही उच्चार त्यांना 'ग्रँड'च, म्हणजे तिकडच्या बोलीत छानच, वाटायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी बिनकानाच्या इवल्याशा कपात वेलदोड्याची कडू कॉफी दिली. आमच्या घरचं वळण असं, की पानात काही टाकायचं नाही. मी कप रिकामा केला, त्यांनी भरला. परत रिकामा केला, परत भरला. नको म्हटलं तर त्यांना तो संकोच वाटला, आणि आग्रहात तर त्या आमच्या काकूच्या वरताण. सातव्या कपाला माझी छाती धडधडायला लागली. मग त्या हसत म्हणाल्या, पुरे असेल तर कप परत देताना असा हलवायचा. बोटांत धरून त्यांनी तो मनगटातून दोनतीनदा हलवून दाखवला.

मी बघतच राहिले. सुट्टीवर आलेले बाबा चहा संपला की कप अगदी असाच हलवायचे. आई त्याला खोड म्हणायची आणि मी नक्कल करून सगळ्यांना हसवायचे. म्हणजे तिकडे कुणीतरी बाबांना घरी बोलावलं होतं, प्रेमानं परत परत ओतलं होतं. ते घर मला कधीच दिसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, नेहमीसारखा व्हिडिओ कॉल लावला. बाबा चहा पीत होते. कप रिकामा झाला आणि त्यांच्या डाव्या हातात तो हलायला लागला. आईनं हात धरून ठेवला आणि वर आणखी चहा ओतला. "हात फार कापतो गं त्यांचा," ती म्हणाली. "चहा मात्र कितीही दिला तरी पितात."

"आई, ते पुरे म्हणतायत. तिकडे कप हलवूनच सांगतात."

आईनं हात सोडला. बाबांनी माझ्याकडे बघत कप हलवला, सावकाश, दोनदा, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला त्या क्षणी त्यांच्या खुर्चीपाशी असायचं होतं, दुसरं काही नको होतं.

आईनं कप काढून घेतला. "किती महिने मी ओततेय गं," एवढंच म्हणाली.